प्रज्ञापूर ते नारा : काही शब्दांची वाटचाल

अक्कलकोटच्या स्वामीभक्तांच्या पोथ्यांतून या गावाचा उल्लेख पुष्कळदा 'प्रज्ञापूर' किंवा 'प्रज्ञापुरी' असा येतो. ज्या कोणी हे नाव प्रथम योजिले त्याने काय केले हे उघड आहे. 'अक्कल' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ बुद्धी. बुद्धीला संस्कृतात भारदस्त शब्द प्रज्ञा, आणि कोटाचे झाले पूर. ग्रामनामाची खरी व्युत्पत्ती काय असेल ती असो; नाव देणाराने शब्दाचा ध्वनी टाकला आणि अर्थ तेवढा उचलला. मराठीला ही रीत नवी नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचलेल्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आपण तिचाच अवलंब करीत आलो आहोत.

शब्दाने एका भाषेतून दुसरीत जाण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती हिच्या अगदी उलट. ध्वनी उचलावा, आणि अर्थाचे पुढे जे होईल ते होऊ द्यावे. योगायोग असा की, ज्या 'प्रज्ञा' शब्दाने पहिल्या रीतीने अक्कलकोटला नवे नाव दिले, तोच शब्द दुसऱ्या रीतीने चीनमार्गे जपानात पोहोचला, आणि तेथे त्याचे 'हान्न्या' झाले. आज जपानी चित्रकथा वाचणाऱ्या आणि जपानी सचेतपट पाहणाऱ्या एखाद्या कॉलेजकुमाराला 'हान्न्या' म्हणजे काय असे विचारावे. तो सांगेल की दोन शिंगे, वटारलेले डोळे आणि उघड्या जबड्यातले सुळे असलेला, मत्सराने राक्षसीण झालेल्या बाईचा मुखवटा. प्रज्ञेची राक्षसीण कशी झाली, हा आजच्या विषयाचा एक धागा.

हा विषय काढण्यास कारण आहे. 'सेन्सेइ', 'सेन्पाइ', 'बाका', 'कावाइइ' असे शब्द हल्ली मुलांच्या तोंडी सहज येतात. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर मोगलीची जी मालिका घरोघर पाहिली गेली, ती मुळात जपानात तयार झालेली होती. हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही, कारण ती हिंदी बोलत होती. २००५ पासून डोरेमॉन आला, त्यानेही हिंदीच बोलावे. आता मात्र मुले रूपांतराची वाट पाहत नाहीत. मूळ जपानी बोल ऐकतात आणि खाली अक्षरे वाचतात. वडील मंडळी त्रासतात. या तालुक्यात आधीच घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-उर्दू. सीमावादात तालुक्याचे नाव वारंवार आल्यामुळे भाषा हा येथे जरा हुळहुळा विषय. त्यात ही आणखी कोठली भाषा? आपले शब्द राहिले बाजूला आणि परक्यांचे पाठ, असे जे म्हटले जाते त्यामागची काळजी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कोणता शब्द आपला आणि कोणता परका, याचा निवाडा कानाला विचारून होत नाही. त्याला इतिहासाची साक्ष काढावी लागते.

पहिला साक्षीदार आपल्याच मुलखात येऊन गेलेला आहे. ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथले लोक मानी आहेत, उपकाराला जागतात आणि अपमान विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले, ते आपण शाळेच्या पुस्तकांतून अभिमानाने वाचलेले असते. त्याचे खरे काम मात्र तो ६४५ मध्ये चीनला परतल्यावर सुरू झाले. बरोबर नेलेल्या शेकडो ग्रंथांची भाषांतरे त्याने आयुष्याच्या अखेरपर्यंत केली. भाषांतर करताना कोणते शब्द भाषांतरू नयेत, याचे पाच नियम परंपरेने त्याच्या नावावर सांगितले जातात. मंत्राचे शब्द भाषांतरू नयेत, कारण ते गूढ असतात. 'भगवत्' सारखा अनेकार्थी शब्द भाषांतरू नये, कारण एक अर्थ घेतला की बाकीचे सांडतात. जी वस्तू चीनमध्ये नाहीच तिचे नाव तसेच ठेवावे. उदाहरण दिले आहे जंबुवृक्षाचे, म्हणजे आपल्या जांभळाचे. जे शब्द पूर्वीच्या भाषांतरकारांनी मूळ रूपात रूढ केले ते तसेच चालू द्यावे. आणि पाचवा नियम आदराचा. त्याचे उदाहरण आहे 'प्रज्ञा'. चिनी भाषेत शहाणपणाला शब्द होताच. पण तो हलका वाटे, रोजच्या वापराने झिजलेला. ऐकणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न व्हावा म्हणून 'प्रज्ञा' तशीच ठेवावी.

म्हणजे पाहा, 'अक्कल' शब्द रोजच्या वापराने हलका झाला म्हणून आपल्या भक्तकवींनी त्याची प्रज्ञा केली, आणि चिनी शहाणपण हलके वाटले म्हणून या भिक्षूने प्रज्ञा ठेवली. दोघांचे कारण एकच, रीती मात्र उलट.

या ह्युएन त्संगाला जपानात 'गेन्जो' म्हणतात. पुढे सोळाव्या शतकात त्याच्या भारतयात्रेवर चीनमध्ये एक अद्भुत कादंबरी रचली गेली. तीत त्याच्यासोबत एक पराक्रमी वानर दिला आहे. त्या वानराच्या चिनी नावाचा जपानी उच्चार 'सोन गोकू'. आकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात प्रसिद्ध झाली; तिच्या नायकाचे नाव हेच. 'गोकू' याचा अक्षरार्थ 'शून्यतेचा बोध झालेला'. नागार्जुनाचे शून्य अशा रीतीने मुष्टियुद्ध करीत फिरते, आणि आपल्या मुलांच्या सदऱ्यांवर छापलेले असते.

आता जपानी लिपीकडे वळू. जपानी शिकू लागणाऱ्याच्या हाती पहिल्याने जो तक्ता पडतो त्याची सुरुवात अशी: आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. ही आपली बाराखडीच नव्हे काय? ओळींची आद्याक्षरे उतरत्या क्रमाने वाचली तर आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपला क्रम क, च, ट, त, न, प, म, य, र, व. जपानीत ट आणि त यांत भेद नाही, र आणि ल यांत भेद नाही, म्हणून तेवढी घरे गळली. उरलेली चाळ आपल्या वर्णमालेच्या पायावर उभी आहे. या तक्त्याला ते 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, म्हणतात. जपानच्या शेजारी चीनमध्ये वर्णमाला नाही. ध्वनी कंठापासून ओठांपर्यंत ओळीने मांडण्याची कल्पना तिकडून येणे शक्य नव्हते. ती संस्कृत व्याकरणातून आली.

आली कशी, याची साधने सुदैवाने शिल्लक आहेत. नारा नगरीजवळच्या होर्युजी मठात दोन जुनी ताडपत्रे होती. ती आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर 'प्रज्ञापारमिताहृदय' हे छोटे सूत्र संस्कृतात लिहिलेले आहे, आणि अखेरीस सबंध वर्णमाला दिली आहे. मॅक्समुल्लर आणि त्याचा जपानी शिष्य नान्जो बुन्यू यांनी १८८४ मध्ये ती ऑक्सफर्डहून छापून प्रसिद्ध केली. पुन्हा प्रज्ञाच, आणि तिच्या शेपटाला बांधलेली अ-आ-इ-ई!

माणसेही गेली. बोधिसेन नावाचा दक्षिण भारतातील ब्राह्मण कुळातला भिक्षू ७३६ मध्ये जपानात उतरला. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान त्याला मिळाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, की पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला आणि त्या दोऱ्या शोसोइन भांडारात अद्याप जपून ठेवल्या आहेत. आपण आपल्याकडचे किती कुंचले जपले, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही. पण तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय.

बोधिसेनानंतर पन्नास वर्षांनी कूकाइ नावाचा तरुण जपानी भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला आणि ८०६ मध्ये परतला. त्या मुक्कामात तो संस्कृत अक्षरे शिकला. शिकविणारा भिक्षू मूळचा कपिशा देशाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडचा. काश्मीर आणि नालंदा येथे शिकून चीनमध्ये स्थायिक झालेला. त्याचे नाव होते प्रज्ञ. जपानी लोक त्यालाही 'हान्न्या' म्हणतात. कूकाइने जपानात नेलेल्या लिपीला तेथे 'शित्तान' म्हणतात, आणि शित्तान म्हणजे आपले 'सिद्धम्'. जुन्या काळी आपल्याकडे मुलाच्या हातून पाटीवर पहिल्याने 'ॐ नमः सिद्धम्' काढवून घेत. त्यावरूनच 'ओनामा' हा मराठी शब्द झाला. एखाद्या गोष्टीचा ओनामा केला असे आपण म्हणतो तेव्हा, आणि जपानी मठात भिक्षू समाधिशिळेवर शित्तान अक्षर काढतो तेव्हा, एकाच धूळपाटीवर बोट फिरत असते.

या सिद्धम्-पंडितांच्या हातून जपानी ध्वनींचा तक्ता बनला. आज उपलब्ध असलेला जुन्यात जुना तक्ता अकराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. त्यात ओळींचा क्रम आजच्याहून निराळा आहे, पुढे तो संस्कृताप्रमाणे स्थिरावला. सामान्य व्यवहारात मात्र एका जुन्या कवितेच्या अक्षरांचा क्रम कितीतरी शतके चालत राहिला. १८८९ ते १८९१ या काळात ओत्सुकी फुमिहिको यांचा 'गेन्काइ' हा आधुनिक शब्दकोश निघाला, त्यात शब्द गोजूओनच्या क्रमाने लावले. आज जपानी कोश उघडला की तोच क्रम दिसतो.

चाणाक्ष श्रोत्याच्या ध्यानी एक अडचण आली असेल. च च्या जागी सा आणि प च्या जागी हा, हे कसे? पहिलीचे उत्तर सोपे आहे: जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार च-सारखा, 'त्सा'कडे झुकणारा असावा असे पंडित मानतात. दुसरीचे उत्तर अधिक गमतीचे आहे, आणि त्यासाठी जपानला जावयास नको. अक्कलकोटच्या पेठेत जाऊन दूध मागितले तरी पुरे. कानडी बोलणारा दुधाला 'हालु' म्हणेल. सोलापुरात विणकर वस्तीत तेलुगू बोलणाराकडे गेलात तर तो 'पालु' म्हणेल. फुलाला कानडीत 'हूवु', तेलुगूत 'पुव्वु'. वाघाला कानडीत 'हुलि', तेलुगूत 'पुलि'. खेड्याला तिकडे 'पल्ले', इकडे 'हळ्ळि'. दहाला कानडीत 'हत्तु'. पण महाकवी पंपाच्या काळच्या जुन्या कानडीत 'पत्तु'. दहाव्या शतकाच्या सुमारास कानडीच्या आद्य 'प'चा 'ह' होऊ लागला आणि पुढल्या तीनचार शतकांत तो पुरता झाला.

जपानीत हेच घडले. संबंध काही नसता, हजारो कोसांवर, घडले. आरंभी 'प', मग दिवा विझविताना ओठांतून फुंकर निघते तसा 'फ', आणि शेवटी 'ह'. फुलाला आज ते 'हाना' म्हणतात, पूर्वी 'पाना' म्हणत. तक्ता करणाऱ्यांनी ती ओळ प-वर्गाच्या जागी ठेविली; उच्चार बदलला, पण घर बदलले नाही. खुद्द देशाच्या नावात दोन्ही रूपे शिल्लक आहेत: कोणी 'निहोन' म्हणतो, कोणी 'निप्पोन'. जोडाक्षराच्या आडोशाला 'प' वाचला, एकटा सापडला तेथे 'ह' झाला.

आता प्रज्ञेचे काय झाले ते सांगता येते. पालीत प्रज्ञेचे 'पञ्ञा' झाले होते. चिनी भाषांतरकारांनी तशाच प्राकृत उच्चारावरून 'पान्न्या' अशासारखी अक्षरे योजिली. ती जपानात गेली आणि देशी 'प'बरोबर त्या 'प'चाही 'ह' झाला. ज्या वाटेने कानडीत पालाचे हालु झाले त्याच वाटेने पञ्ञेचे हान्न्या झाले.

मधल्या 'फ'ला पुरावा कोणता? तो गोव्याने पुरविला. कागोशिमाचा आन्जिरो नावाचा एक जपानी गृहस्थ स्वदेशातून पळून मलाक्केला आला, तेथे फ्रान्सिस झेवियरला भेटला, आणि १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात तो पोर्तुगीज शिकला. १५४९ च्या एप्रिलात झेवियर त्याला घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमाला उतरला. हे पाद्री 'तेन्जिकु'हून आले असे जपानी लोक म्हणू लागले. तेन्जिकु हे भारताचे जुने जपानी नाव. बुद्धाच्या देशाहून आलेला हा बौद्धांचाच एखादा नवा पंथ असावा असा त्यांचा समज झाला. त्यात आन्जिरोने देवाला शब्द सुचविला 'दाइनिचि', म्हणजे महावैरोचन बुद्ध! काही काळ झेवियर महाराज रस्त्यांतून वैरोचनाची भक्ती करा असे सांगत फिरले. घोटाळा ध्यानी आल्यावर त्यांनी तो शब्द टाकला आणि लॅटिन 'देऊस' तसाच ठेवला. भाषांतर करू नये अशा शब्दांचा नियम त्यांनाही अखेर पाळावा लागला.

या पाद्र्यांनी पुढे जपानात छापखाना नेला, तोही गोव्यावरून. १५८७ मध्ये रोमहून परतणारे चार जपानी तरुण गोव्यात थांबले होते. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. पुढे क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स त्या वेळी गोव्यातच होते. छापखाना १५९० मध्ये जपानला पोहोचला. १५९२ मध्ये त्यावर 'हेइके' घराण्याची प्रसिद्ध कथा रोमन अक्षरांत छापली, तिचे नाव छापले आहे 'फेइके', आणि निहोनचे 'निफोन'. पोर्तुगीज कानांनी जे ऐकले ते लिहिले. पावाला जपानीत आजही 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज भट्टीतले. तंबाखू आणि 'ताबाको' यांचेही तसेच.

आता चित्रकथांतले शब्द घेऊ. 'मांगा' याचा अर्थ मनास येतील तशी सैल हाताने काढलेली चित्रे. होकुसाइ या चित्रकाराच्या अशा चित्रांचा संग्रह १८१४ पासून निघू लागला आणि त्याच्या नावात हा शब्द आहे. 'ॲनिमे' तर इंग्रजी शब्दाचा तुकडा. या दोन्हींत आपले काही नाही. परंतु एकदा चित्रकथेच्या आत शिरले की ओळखीची माणसे भेटू लागतात. रुमिको ताकाहाशी या लेखिकेची 'इनुयाशा' ही दीर्घ कथा १९९६ ते २००८ पर्यंत चालली. 'इनु' म्हणजे कुत्रा, 'याशा' म्हणजे यक्ष. तिच्यातला खलपुरुष 'नाराकु', म्हणजे नरक. त्याचा पाठलाग करणारा भिक्षू 'मिरोकु', म्हणजे मैत्रेय. कोल्ह्याचे पोर 'शिप्पो', म्हणजे सप्तरत्न, हे मात्र ध्वनीने नव्हे, अर्थाने गेलेले. एका कथेच्या उंबऱ्यावर यक्ष, नरक, मैत्रेय आणि सप्तरत्ने असे चौघे उभे! 'ड्रॅगन बॉल'मध्ये 'एन्मा' आहे, तो यम. मोठ्या टेबलामागे बसून मेलेल्यांचा हिशेब पाहणारा साहेब अशा थाटात तो काढला आहे. आपल्याकडे हे काम चित्रगुप्ताकडे, तिकडे यमाला स्वतःच करावे लागते. मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो'त (१९९९ ते २०१४) 'चाकुरा' हा शब्द पानोपानी येतो. तो चक्रच आहे, पण जुन्या भिक्षूंबरोबर गेलेला नव्हे. जुने शब्द चिनी अक्षरांत लिहितात. हा परभाषांतील नव्या शब्दांसाठी राखलेल्या अक्षरांत लिहिला जातो, यावरून तो अलीकडे गेला हे कळते. पाहुणा कोणत्या दाराने आला हे त्याच्या जोड्यांवरून ओळखावे तसे हे आहे.

'सेत्सुना' म्हणजे क्षण; बोटांच्या एका टिचकीत पासष्ट क्षण भरतात असे एक जुने बौद्ध परिमाण आहे. 'दान्ना' ह्या शब्दाची तर मोठीच बढती झाली. मूळ 'दान', मठाला दान देणारा तो दान्ना, पुढे कोणाचाही आश्रयदाता, मग धनी, मग दुकानदाराच्या तोंडी गिऱ्हाईक, आणि अखेर बायकोच्या तोंडी नवरा. आपला 'यजमान' ह्याच वाटेने गेला: यज्ञ करणारा तो यजमान, आणि आता बाई म्हणतात, 'आमचे यजमान बाहेरगावी गेले आहेत.' दोन समाज एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षाला आले, की घरात खर्च करणाराला धर्मातला शब्द शोभतो.

प्रज्ञेची राक्षसीण कशी झाली याविषयी दोन कथा आहेत. एक अशी की हा मुखवटा हान्न्या-बो नावाच्या भिक्षूने प्रथम कोरला, म्हणून कारागिराचे नाव मुखवट्याला चिकटले. दुसरी अशी की 'आओइ नो उए' या नो नाटकात मत्सराने पिशाच झालेली स्त्री प्रज्ञासूत्राचा घोष ऐकते आणि भयाने मागे हटते. ज्या घोषाने ती हरली त्याचे नाव तिच्या चेहऱ्याला मिळाले. मला दुसरी कथा अधिक रुचते, पण रुचणे म्हणजे पुरावा नव्हे. यापलीकडे एक वळण आहे. मठात मद्य निषिद्ध, म्हणून जपानी भिक्षूंनी त्याला आपसांत नाव ठेविले 'हान्न्या-तो', म्हणजे प्रज्ञारस. ह्युएन त्संगाने ज्या शब्दाला आदरापोटी हात लावला नाही त्याची ही गत!

येथवर ऐकून कोणाला स्फुरण चढेल, की मग सारी जपानी भाषा आपलीच! हा मोह आवरला पाहिजे. मुले ज्या शब्दांनी वेडी होतात त्यांतले बहुतेक आपले नाहीत. 'सेन्सेइ' चिनी आहे. अक्षरार्थ 'आधी जन्मलेला'. 'सेन्पाइ' म्हणजे शाळेत आपल्या पुढल्या वर्गातला. तोही चिनी अक्षरांतून घडलेला. नावाला जपानीत 'नामाए' म्हणतात आणि ते 'नावा'सारखे ऐकू येते, पण तो योगायोग आहे. 'आरिगातो' म्हणजे आभार, हा पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला असे गोव्याच्या अभिमानाने सांगणारे भेटतात. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधी तो शब्द जपानी वाङ्मयात आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'असणे कठीण', म्हणजे दुर्मिळ. सुसुमु ओनो या मोठ्या विद्वानाने जपानीचे मूळ तमिळमध्ये दाखविण्याचा कित्येक वर्षे खटाटोप केला. भाषाशास्त्रज्ञांनी तो मान्य केला नाही. 'बाका', म्हणजे मूर्ख, या शब्दाविषयी वाद आहे. तो चौदाव्या शतकाच्या 'ताइहेइकी'त सापडतो. लिहिताना घोडा आणि हरिण अशी दोन चिनी अक्षरे घालतात, आणि त्यावर एक गोष्ट सांगतात: चीनच्या एका धूर्त मंत्र्याने दरबारात हरिण आणून त्याला घोडा म्हटले, आणि कोण होय म्हणतो ते पाहिले. कित्येकांच्या मते मात्र मूळ शब्द संस्कृत 'मोह' किंवा 'महल्लक', म्हणजे म्हातारा. माझ्या मते हा दावा अनिर्णीत ठेवावा; मूर्खपणाची मालकी सिद्ध करण्याची घाई आपल्याला कशाला?

खरे साम्य शोधावयाचे तर ते शब्दांपेक्षा रीतीभातींत अधिक सापडते. जपानी मुलगा थोरल्या भावाला नावाने हाक मारीत नाही, 'ओनीसान' म्हणतो. धाकट्याला मात्र नावाने. आपल्याकडे दादा, कानडी घरात अण्णा, बहिणीला अक्का. पण परक्यापुढे स्वतःच्या भावाविषयी बोलताना जपानी माणूस 'ओनीसान' म्हणणार नाही, साधे 'आनी' म्हणेल. आपल्या माणसाचा मोठेपणा लोकांपुढे मिरवू नये म्हणून. आपल्याकडे तसे नाही. आपण चारचौघांत दादांचा उल्लेख दादा म्हणूनच करतो. 'ओताकु' हा शब्दही असाच. चित्रकथांत बुडालेल्या माणसाला हे नाव १९८३ मध्ये आकिओ नाकामोरी याच्या एका लेखातून मिळाले. मूळ अर्थ 'आपले घर', आणि त्यावरून आदरार्थी 'आपण'. हे छांदिष्ट तरुण एकमेकांना इतक्या औपचारिकपणे 'आपण, आपण' म्हणत, की त्यांचे तेच नाव पडले.

उलट्या दिशेनेही शब्द आले. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला. २६ डिसेंबर २००४ नंतर 'त्सुनामी' सर्वांच्या तोंडी बसला. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामि' म्हणजे लाट. या 'त्सु'ला इंग्रज अडखळतो, मराठी माणसाला अडखळण्याचे कारण नाही. तो चुलीतला 'चु' आहे. जपानी ओळ अशी: ता, चि, त्सु, ते, तो. चिमणीतला च आणि चुलीतला च असे दोन्ही एकाच ओळीत बसले आहेत. सा ची ओळ: सा, शि, सु, से, सो, ई-कारापुढे स चा श होतो. आपली म्हैस अनेक झाली की म्हशी होतात, ते याच नियमाने. 'माझा' म्हणताना जीभ दातांशी असते, 'माझी' म्हणताना टाळूला लागते. जपानीचे 'झा' आणि 'जि' तसेच. जपानी उच्चार शिकणाऱ्या मराठी मुलाने निम्मा धडा आईच्या मांडीवरच गिरविलेला असतो.

आपण सर्वांत अधिक वापरतो तो जपानी शब्द मात्र ऐकून कोणाला जपानी वाटणार नाही. अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू स्वामींच्या दर्शनाला निघताना पहिला शब्द उच्चारतो, 'रिक्षा'. १८६९-७० च्या सुमारास तोक्योत माणसाने ओढण्याची एक दोनचाकी गाडी निघाली. तिचे नाव 'जिन-रिकि-शा': माणूस, बळ, गाडी. १८८० च्या सुमारास ती सिमल्याला आली, मग कलकत्त्याला, आणि महाराष्ट्रात माथेरानला. मराठीने हा शब्द घेतला आणि त्यात 'क्ष' घातला. आता लिहिलेला पाहिला तर 'परीक्षा', 'दीक्षा' यांच्या पंक्तीला बसणारा अस्सल संस्कृत वाटतो. त्यांनी आपल्या क्षणातला 'क्ष' मोडून सेत्सुना केला, आपण त्यांच्या रिकिशात 'क्ष' बसविला.

शब्द येताना 'जिन', म्हणजे माणूस, वाटेतच गळाला. नावात बळ आणि गाडी एवढेच उरले. माथेरानच्या चढावर मात्र तो माणूस गाडीला जुंपलेलाच राहिला. मोटारीला बंदी असलेल्या त्या गावात २०२२ च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षांची चाचणी सुरू झाली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला.